पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के : कोणती सेटिंग्ज नंतर बदलता येतात आणि कोणती नाहीत?

वाईचा वाटसरू (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्र मिळून पंधरा मिनिटांचा एक लघुपट करीत आहोत. चित्रीकरण वाईतल्या एका जुन्या वाड्यात आणि मोजक्याच दिवसांत उरकायचे आहे. त्यासाठी ब्लॅकमॅजिक पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के भाड्याने घ्यायचे ठरले आहे. आजवर आमचा हात साध्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसलेला असल्यामुळे या कॅमेऱ्याचा मेनू दिसायला सुटसुटीत असूनही त्यातली प्रत्येक गोष्ट नेमकी काय करते, हे उलगडत नाही. भाड्याने देणाऱ्यांनी कॅमेरा हातात देताना 'रॉमध्ये शूट करा, बाकी सगळे नंतर ग्रेडिंगमध्ये होते' (रॉ म्हणजे सेन्सरची जवळपास कच्ची नोंद, ग्रेडिंग म्हणजे नंतरचे रंगसंस्करण) एवढेच सांगितले, आणि त्याने शंका कमी होण्याऐवजी वाढल्या.

पहिली शंका आयएसओची, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे हे सांगणाऱ्या आकड्याची आहे. या कॅमेऱ्याला ४०० आणि ३२०० असे दोन 'मूळ' आयएसओ आहेत असे सगळीकडे वाचतो, पण मग मधल्या आकड्यांचे काय करायचे? दुसरी शंका अशी, की रॉमध्ये व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ नंतर बदलता येत असतील, तर ते चित्रीकरणाच्या वेळी लावण्यात वेळ का घालवावा? तिसरी शंका शटरची. इथे शटर सेकंदाच्या भागांत न दिसता अंशांत दिसते. आम्ही २४ फ्रेम आणि १८० अंश ठेवून वाड्याच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली एक चाचणी घेतली, तेव्हा चित्र सारखे उजळत आणि मंदावत होते. डोळ्यांना मात्र ट्यूब अगदी स्थिर दिसत होती. शेवटची गोष्ट म्हणजे रॉच्या खाली ३:१, ५:१, ८:१, १२:१, क्यू० आणि क्यू५ असे जे पर्याय येतात, त्यांपैकी कोणता घ्यावा?

वाड्याचा चौक उघडा आहे आणि दुपारी तिथे डोळे दिपवणारे ऊन पडते. माजघर मात्र भर दुपारीही अंधारे असते आणि रात्रीचा एक प्रसंग तिथे समईच्या उजेडात आहे. केवळ 'हे आकडे लावा' असे न सांगता त्यामागचे कारणही कोणी समजावून दिले, तर ऐन वेळी परिस्थिती बदलली तरी आम्हाला निर्णय घेता येतील.

---

मधली छटा (उत्तर)

आपल्या चारही शंकांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. कोणती सेटिंग सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश किंवा त्याची नोंदच बदलते, आणि कोणती सेटिंग नोंद झालेल्या माहितीला केवळ 'हे असे दाखवावे' अशी सूचना जोडते? पहिल्या प्रकारात ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र), शटर, एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच), फोकस, फ्रेम रेट, रिझोल्युशन आणि आयएसओचा गट (तो पुढे सांगतो) येतो. यांत झालेली चूक नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पुसता येत नाही. दुसऱ्या प्रकारात, तेही फक्त ब्लॅकमॅजिक रॉमध्ये चित्रीकरण करीत असाल तरच, व्हाइट बॅलन्स, टिंट, गटाच्या आतला आयएसओचा आकडा आणि डायनॅमिक रेंजचे फिल्म, एक्स्टेंडेड व्हिडिओ व व्हिडिओ हे तीन पर्याय येतात. ही बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी समजा. चिठ्ठी बदलली तरी आतला माल तोच राहतो.

प्रोरेझ या दुसऱ्या रेकॉर्डिंग प्रकारात मात्र चिठ्ठी आणि माल असा भेद उरत नाही. तिथे व्हाइट बॅलन्स, आयएसओ आणि डायनॅमिक रेंज चित्रातच मुरतात. ५६०० केल्विन लावून पिवळ्या बल्बखाली घेतलेला प्रोरेझ शॉट दुरुस्त करता येतो, पण तो ओढून-ताणून केलेला असल्याचे चेहऱ्याच्या रंगात कळते. प्रोरेझ घेताना लट (LUT, म्हणजे पडद्यावरचे रंग ठरावीक पद्धतीने बदलून दाखवणारी तयार फाइल) पाहण्यासाठी लावली असेल, तर ती क्लिपमध्ये नोंदवण्याचा पर्याय बंद असल्याची खात्री रोज सकाळी एकदा करून घ्यावी. भाड्याच्या कॅमेऱ्यात आधीच्या माणसाने काय चालू ठेवले आहे, याचा नेम नसतो.

आता आयएसओ. या कॅमेऱ्यात १०० ते १००० हा एक गट आहे आणि १२५० ते २५६०० हा दुसरा. पहिल्या गटाचा पाया ४००, तर दुसऱ्याचा ३२००. पहिल्या गटात आपण १०० लावा किंवा १०००, सेन्सरमधून येणारा संकेत तेवढाच वाढवला जातो. आकडा १००० वरून १२५० वर नेला की मात्र सेन्सरची जोडणीच दुसऱ्या, अधिक वाढ देणाऱ्या पातळीवर जाते. म्हणूनच १००० वर अंधाऱ्या भागात जे दाणे दिसतात, ते १२५० वर एकदम कमी झालेले दिसतात आणि नवीन माणूस चक्रावतो. रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नंतर आयएसओ बदलायला गेल्यावरही हेच बंधन आड येते. ८०० वर घेतलेली क्लिप १०० ते १००० या दरम्यान कुठेही नेता येते, पण तिला ३२०० च्या गटात ढकलता येत नाही.

मग गटाच्या आतल्या आकड्याला काही अर्थच नाही का? अर्थ आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सेन्सरची एकूण क्षमता सुमारे १३ स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) असून ती बदलत नाही, पण मधल्या राखाडी छटेच्या वर किती स्टॉप राखायचे आणि खाली किती, ही वाटणी तो आकडा ठरवतो. आपण २०० लावले की पडद्यावरचे चित्र अंधारते, आपण नकळत ॲपर्चर उघडता, त्यामुळे सावल्यांना भरपूर प्रकाश मिळून त्या स्वच्छ येतात, पण उजळ भाग लवकर उडतात. याउलट ८०० लावले की चित्र उजळ दिसते, आपण ॲपर्चर मिटता, त्यामुळे उजळ भागांना ४०० च्या मानाने एक स्टॉप जास्त जागा मिळते आणि त्याची किंमत सावल्यांमधल्या दाण्यांच्या रूपाने मोजावी लागते. म्हणजे आकडा चिठ्ठीवरचा असला, तरी तो आपला ॲपर्चर फिरवणारा हात बदलतो, आणि हाताने केलेला तो बदल मात्र कायमचा असतो. 'नंतर बदलता येते' या सल्ल्यातली खोच नेमकी इथे आहे.

आपल्या चौकातल्या उन्हासाठी म्हणूनच मी ८०० सुचवेन. पांढरे धोतर किंवा पांढरी टोपी घातलेला माणूस दुपारच्या उन्हात आला, की सर्वांत आधी टोपीच्या कडेवरचा कापडाचा पोत नाहीसा होतो आणि एकदा गेलेला पोत परत येत नाही. माजघरातल्या समईच्या प्रसंगाला दुसरा गट वापरावाच लागेल, पण तिथे १२५० चा मोह टाळावा. १२५० हा दुसऱ्या गटात ३२०० पेक्षा सुमारे सव्वा स्टॉप खाली आहे, म्हणजे पहिल्या गटातल्या १६० सारखाच त्याचा स्वभाव. सावल्या सुरेख येतील, पण समईची ज्योत एक पांढरा ठिपका होऊन बसेल. ज्योत जर चौकटीत दिसणार असेल, तर ३२०० ठेवून ॲपर्चर त्यानुसार मिटवावे.

व्हाइट बॅलन्स रॉमध्ये बदलता येत असला, तरी चित्रीकरणाच्या वेळी एक आकडा ठरवून तोच कायम ठेवावा. एकाच प्रसंगातल्या सगळ्या क्लिप एकाच आकड्यावर असल्या, की ग्रेडिंगच्या वेळी एका क्लिपला केलेला बदल सगळ्यांना लावता येतो. दुसरे असे, की दिग्दर्शक, वेशभूषाकार आणि रंगभूषाकार पडद्यावर जे पाहतात, त्यावरूनच निर्णय घेतात. आपल्याकडच्या दुकानांत सर्रास मिळणारे पांढरे एलईडी बल्ब ६५०० केल्विनचे असतात, पिवळे ३००० च्या आसपासचे, आणि ट्यूबमध्ये हिरवी झाक असते. हे तिन्ही एका खोलीत असतील, तर कोणताही आकडा सगळ्यांना पुरणार नाही. अशा वेळी मेनूत वेळ घालवण्यापेक्षा घरातले नको असलेले दिवे काढून टाकणे बरे.

---

पन्नास हर्ट्झ (उत्तर)

ट्यूबलाइटचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

शटर अँगल ही फिल्म कॅमेऱ्यातल्या फिरत्या चकतीवरून आलेली पद्धत आहे. ३६० अंश म्हणजे एका फ्रेमचा पूर्ण वेळ आणि १८० अंश म्हणजे त्याचा निम्मा. २४ फ्रेमला १८० अंश लावले, की प्रत्येक फ्रेमला एका सेकंदाचा ४८ वा भाग प्रकाश मिळतो. अंशांचा फायदा असा, की फ्रेम रेट बदलला तरी हालचालीतला पुसटपणा त्याच प्रमाणात राहतो. ज्यांना सेकंदाचे भागच सोयीचे वाटतात, त्यांना सेटअपच्या मेनूतून तसे बदलून घेता येते.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि त्या विजेवर थेट चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो व मंदावतो. एका चढउताराला १० मिलिसेकंद लागतात. आपल्या २४ फ्रेमच्या शटरने सुमारे २०.८ मिलिसेकंदांचा प्रकाश घेतला, म्हणजे दोन पूर्ण चढउतार आणि तिसऱ्याचा थोडासा तुकडा. हा तुकडा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडतो, कारण १०० ला २४ ने भाग जात नाही, ४ उरतात. त्यामुळे आपल्या चाचणीतले चित्र सेकंदाला साधारण ४ वेळा उजळले-मंदावले असणार. क्लिप पुन्हा लावून मोजून पाहा.

उपाय अगदी सोपा आहे. शटर १७२.८ अंशांवर आणावे. तसे केले की प्रकाश घेण्याची वेळ बरोबर २० मिलिसेकंद होते, त्यात दोन चढउतार पूर्ण बसतात, आणि प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. हे गणित करीत बसण्याचीही गरज नाही. सेटअपमध्ये फ्लिकर-मुक्त शटरचा आधार ५० हर्ट्झ ठेवला, की शटरच्या आकड्यावर बोट टेकवल्यावर कॅमेरा चालू फ्रेम रेटला अनुरूप असे अंश स्वतःच सुचवतो. भाड्याचा कॅमेरा ६० हर्ट्झवर राहिलेला असेल, तर मात्र तो अमेरिकेच्या विजेसाठीचे आकडे सुचवेल आणि आपण ते विश्वासाने लावाल.

२४ की २५ फ्रेम, हे आपण अजून ठरवले नसेल तर माझे मत २५ च्या बाजूने आहे. २५ फ्रेमला १८० अंश म्हणजे नेमका ५० वा भाग, आणि १०० ला २५ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे घरगुती दिव्यांखाली सगळे आपोआप जुळून येते. दूरचित्रवाणी आणि यूट्यूब यांना त्यात कसलीच अडचण नाही. लघुपट चित्रपटगृहात डीसीपीच्या (चित्रपटगृहांसाठीच्या डिजिटल प्रतीच्या) रूपाने दाखवला जावा, हेच मुख्य उद्दिष्ट असेल तर २४ घ्यावे, कारण सर्वत्र निर्धोक चालणारा तोच दर आहे. २५ चे नंतर २४ करता येते, पण चित्रपट सुमारे चार टक्क्यांनी लांबतो आणि आवाज त्याप्रमाणे सांभाळावा लागतो. काहीही निवडा, पण ते पहिल्या शॉटच्या आधी निवडा आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाही सांगा.

संथ गतीचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. ५० फ्रेमला १८० अंश म्हणजे १०० वा भाग, तो दिव्यांशी जुळतो. ६० फ्रेमला तेच जुळवायला २१६ अंश लागतात. १२० फ्रेमला मात्र कितीही शटर उघडले तरी १०० वा भाग गाठता येत नाही, म्हणून ते चित्रीकरण उन्हात करावे किंवा फ्लिकर न करणारे चित्रीकरणाचे दिवे आणावेत. स्वस्त एलईडी पट्ट्या डिमरने मंद केल्या, की त्या विजेच्या वारंवारितेशी काहीही संबंध नसलेल्या वेगाने लुकलुकतात. त्यांना कोणताच ठरावीक आकडा लागू पडत नाही. डिमर काढून त्या पूर्ण प्रखर ठेवणे आणि समोर कापड लावून उजेड कमी करणे, एवढेच हातात राहते.

---

उजेडवाला (उत्तर)

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण चौकासाठी ८०० वापरण्याचा सल्ला पहिल्यांदाच हा कॅमेरा हाताळणाऱ्यांना द्यावा, असे मला वाटत नाही. ८०० वर काम करताना चित्र पडद्यावर छान उजळ दिसते, त्या भरात माणूस आणखी थोडे ॲपर्चर मिटतो, आणि ओसरीच्या सावलीत बसलेल्या पात्राच्या चेहऱ्यावर इतके दाणे येतात की ग्रेडिंग करणारा हात टेकतो. ४०० वर राहावे, एनडी फिल्टर लावावा, आणि उन्हातल्या पांढऱ्या कपड्यांचा प्रश्न वेशभूषेतच सोडवावा. पांढऱ्याशुभ्र धोतराऐवजी चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळकट केलेले धोतर कॅमेऱ्याला पांढरेच दिसते. वेशभूषेची मंडळी हे वर्षानुवर्षे करीत आली आहेत.

एनडी फिल्टरचेही लक्षात घ्या. ६के प्रो या मोठ्या भावंडात तो आतच बसवलेला असतो, पण ४के मध्ये तशी सोय नाही. लेन्सपुढे लावण्याचा फिल्टर भाड्याच्या यादीत वेगळा मागून घ्यावा लागतो. जाड एनडी घेताना त्यात अवरक्त किरण अडवण्याची सोय आहे ना, हे विचारावे. साधा जाड एनडी दिसणारा प्रकाश अडवतो पण अवरक्त किरण सोडतो, आणि मग काळा कोट किंवा काळी टोपी, विशेषतः कृत्रिम धाग्याची, भर उन्हात तांबूस-मरून दिसू लागते. हा रंग फक्त त्या कापडावर उतरतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्स फिरवून तो जात नाही. फिरवून कमी-जास्त करता येणारा एनडी शेवटच्या टोकापर्यंत नेला, तर रुंद लेन्सवर चौकटीत फुलीसारखी काळी सावली उमटते.

---

वाईचा वाटसरू

सर्वांचे आभार. चाचणीची क्लिप पुन्हा पाहिली, चित्र खरोखरच सेकंदाला चारच्या आसपास वेळा मंदावते आहे. आम्ही २५ फ्रेमवर जाण्याचे ठरवले आहे.

आयएसओवर दोन मते आली, तेव्हा निर्णय आम्हालाच करावा लागेल, हे मान्य. पण नेमका प्रकाश किती पोहोचतो आहे, हे पडद्याकडे पाहून कसे ठरवायचे? उन्हात तर पडद्यावर काही नीट दिसतही नाही. आणि साठवणुकीचा प्रश्न अजून उरला आहे. आमच्याकडे ५०० जीबीची एक बाह्य एसएसडी आणि व्ही६० लिहिलेली दोन कार्डे आहेत.

---

संकलनकक्ष (उत्तर)

साठवणुकीचे गणित घरीच करता येते, आणि एकदा ते केले की ३:१ आणि १२:१ यांच्यात गूढ असे काही राहत नाही. पूर्ण ४के म्हणजे ४०९६ गुणिले २१६० बिंदू, साधारण ८८ लाख. प्रत्येक बिंदूची १२ बिटांची, म्हणजे दीड बाइटची नोंद धरली, तर एक फ्रेम सुमारे १३.३ मेगाबाइटची होते. ५:१ म्हणजे ती एक पंचमांशावर दाबायची, त्यामुळे फ्रेमला २.६५ मेगाबाइट लागतात आणि २५ फ्रेमला सेकंदाला सुमारे ६६ मेगाबाइट. तासाचा हिशेब २४० जीबीच्या आसपास जातो. ८:१ ला सेकंदाला सुमारे ४२ मेगाबाइट आणि तासाला १५० जीबी, तर १२:१ ला तासाला साधारण १०० जीबी लागतात. ३:१ घेतले तर तासाला ४०० जीबी मोजायची तयारी ठेवावी लागते, आणि माणसांच्या चेहऱ्यांच्या कथेत तिचा फरक डोळ्यांना दिसेल असे मला वाटत नाही.

क्यू० आणि क्यू५ यांत दर्जा स्थिर राखला जातो आणि आकार दृश्यागणिक बदलतो. साध्या भिंतीपुढचा चेहरा कमी जागा घेतो, वाऱ्याने हलणारे तुळशीचे रोप आणि मागे कौलांची नक्षी असेल तर एकदम जास्त. दर्जाच्या दृष्टीने ही पद्धत शहाणपणाची आहे, पण कार्ड किती वेळ पुरेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून मोजक्या साधनांत काम करणाऱ्यांनी ठरावीक प्रमाणाचा पर्याय घ्यावा. आपल्यासाठी ८:१ योग्य आहे. समईच्या प्रसंगापुरते ५:१ वर जा, कारण अंधाऱ्या छटा आणि दाणे जास्त दाबले की चिखल होतो.

कार्डावरचे व्ही६० म्हणजे सेकंदाला किमान ६० मेगाबाइट लिहिण्याची हमी. आपले ८:१ त्यात आरामात बसते, ५:१ बसत नाही. पाकिटावर छापलेला मोठा आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो, लिहिण्याचा नव्हे. ५:१ साठी एसएसडी वापरावी आणि तिची केबल कॅमेऱ्याला पट्टीने घट्ट बांधावी, कारण शॉट चालू असताना ती निसटली तर त्या क्लिपचे काय होईल ते सांगता येत नाही. रेकॉर्डच्या मेनूत, फ्रेम सुटू लागल्या तर रेकॉर्डिंग थांबवण्याचा एक पर्याय आहे, तो चालू ठेवावा. शॉट थांबल्यावर जो मनस्ताप होतो, तो संकलनाच्या टेबलावर मधल्या फ्रेम गायब असल्याचे कळण्यापेक्षा परवडला.

पंधरा मिनिटांच्या लघुपटासाठी दहापट चित्रण झाले, तर ते अडीच तासांचे होईल आणि ८:१ ने सुमारे ३७५ जीबी भरेल. हे एका प्रतीचे झाले. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत गेल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही, असा नियम करा आणि त्यानुसार डिस्क घ्या. कार्ड नेहमी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. विंडोजवर काम करणार असाल तर फॉरमॅट करताना एक्सफॅट हा प्रकार घ्यावा लागेल, पण वीज मध्येच गेली तर त्यातली चालू क्लिप बिघडण्याचा धोका असतो. या कॅमेऱ्यात एलपी-ई६ जातीची छोटी बॅटरी जेमतेम तासाभराच्या आत संपते, म्हणून बाहेरून मोठी बॅटरी जोडण्याची सोय भाड्याच्या यादीत अवश्य लिहा.

एक शेवटचे. नव्या कॅमेऱ्यासोबत दा विंची रिझॉल्व्ह स्टुडिओचा परवाना येतो, पण तो मालकाचा असतो, भाडेकरूला मिळत नाही. मोफत आवृत्तीत ब्लॅकमॅजिक रॉ उघडते आणि ३८४० गुणिले २१६० पर्यंत चित्र बाहेर काढता येते. लघुपटाला तेवढे पुरे.

---

मधली छटा (उत्तर)

प्रकाश पाहून ठरवायला पडदा नकोच, त्याऐवजी फॉल्स कलर वापरा. तो चालू केला की चित्र उजेडाच्या पातळीप्रमाणे रंगांत विभागले जाते आणि उन्हातही ते रंग ओळखता येतात. हिरवा म्हणजे मधली राखाडी पातळी, गुलाबी म्हणजे तिच्यापेक्षा साधारण एक स्टॉप वर, लाल म्हणजे तपशील उडालेला, आणि जांभळा म्हणजे सावलीत बुडालेला. लालच्या अलीकडे पिवळा आणि जांभळ्याच्या अलीकडे निळा येतो, ते इशारे समजावेत. निर्मात्यांच्या माहितीपुस्तिकेत गोऱ्या त्वचेसाठी गुलाबी आणि सावळ्या त्वचेसाठी हिरवा असे मार्गदर्शन आहे. आपल्याकडच्या बहुतेक चेहऱ्यांवर उजेडाकडच्या गालावर हिरव्याच्या वरचा भाग आणि कपाळावर थोडा गुलाबी दिसला, की मी पुढे जातो. मुद्दा एवढाच, की तोच चेहरा पुढच्या शॉटमध्येही त्याच रंगात असला पाहिजे.

झेब्रा (फार उजळ भागावर उमटणारे तिरके पट्टे) ९५ किंवा १०० टक्क्यांवर लावून ठेवा आणि पांढऱ्या कपड्यांवर नजर ठेवा. फॉल्स कलर आणि झेब्रा ही दोन्ही साधने लावलेल्या आयएसओनुसार बोलतात. म्हणून शॉटच्या मध्ये आकडा बदलून 'आता चेहरा हिरवा झाला' असे समाधान मानू नका, त्याने सेन्सरवर पडणारा प्रकाश कणभरही वाढलेला नसतो.

'उजेडवाला' यांचा आक्षेप मला मान्य आहे. ओसरीतल्या सावलीचे चेहरे महत्त्वाचे असतील तर ४०० वर राहा. चौकटीत ऊन आणि पांढरे कपडेच मुख्य असतील तर ८०० वर जा. धोतर चहात बुडवण्याची सूचना मात्र दोन्ही आकड्यांना लागू पडते.

---

वाईचा वाटसरू

शेवटचा एक प्रश्न विचारतो. एका शॉटमध्ये आजोबा माजघरातून चालत चौकात येतात आणि कॅमेरा त्यांच्या मागोमाग येतो. आत ३२०० आणि बाहेर ४०० लागणार असेल, तर हा शॉट सलग घ्यायचा कसा?

---

उजेडवाला (उत्तर)

रेकॉर्डिंग चालू असताना एका गटातून दुसऱ्या गटात उडी मारण्याचा विचार सोडून द्या, कारण ती उडी फ्रेममध्ये स्पष्ट दिसते. सलगच हवा असेल, तर ४०० वर राहून माजघरात उजेड वाढवावा लागेल. दाराबाहेर, ऊन थेट पडेल अशा जागी पांढरे कापड किंवा थर्माकोलची पाटी तिरकी धरली, तर चौकातलेच ऊन आत वळवता येते, आणि ते बाहेरच्या उजेडाशी रंगानेही जुळते. उरलेला फरक ॲपर्चरने भरायचा असेल, तर ज्या लेन्सची कडी टप्प्याटप्प्याने न फिरता सलग फिरते अशी हाताने चालवायची लेन्स मागा. इलेक्ट्रॉनिक लेन्सचे ॲपर्चर पायऱ्यापायऱ्यांनी बदलते आणि प्रत्येक पायरीला चित्र झटका खाते. दुपारी बाराऐवजी साडेचारनंतर, चौकात भिंतीची सावली पडल्यावर हा शॉट लावलात, तर दोन्हीकडच्या उजेडातले अंतर आपोआप दोन-तीन स्टॉपनी कमी होईल. आणि यातले काहीच जमले नाही, तर आजोबांचा पाय उंबरठ्यावर आला की शॉट तोडा आणि बाहेरून नव्याने लावा.